कडा, खांब, समुद्र आणि तारे: पॅनोरमाच्या वाटेवरचे दिवस

निघण्याआधीची संध्याकाळ

पॅनोरमाच्या (अनेक फोटो जोडून केलेल्या रुंद चित्राच्या) सहलीतलं निम्मं काम घरीच उरकावं लागतं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. पॅनो हेड (कॅमेरा नेमक्या बिंदूभोवती फिरवणारं, ट्रायपॉडवर बसणारं साधन) नुसतं पिशवीत टाकून भागत नाही. कॅमेरा लेन्सच्या एंट्रन्स प्यूपिलभोवती फिरला पाहिजे (फोटोग्राफरांच्या बोलण्यात नोडल पॉइंट), म्हणजे जवळच्या वस्तू लांबच्यांपुढून सरकत नाहीत. तो प्रत्येक लेन्सला वेगळा असतो, झूम असेल तर प्रत्येक फोकल लेंथला वेगळा. वाऱ्यात, मावळत्या उजेडात तो शोधत बसायला सवड मिळत नाही, म्हणून घरी शोधून हेडच्या पट्टीवरचा आकडा लिहून ठेवायचा.

आधी आडवी बाजू. कॅमेरा हेडवर उभा लावून लेन्स थेट जमिनीकडे वळवायची, लाइव्ह व्ह्यूमध्ये ग्रिड चालू करायची आणि हेड फिरवायचं. चित्राचा मध्य जागचा हलता कामा नये. हलत असेल तर खालची पट्टी डावी-उजवीकडे सरकवायची. मग पुढे-मागे. एक बारीक काठी लेन्सपासून पाऊण मीटरवर उभी करायची आणि तिच्या मागे, जमेल तितकी लांब, दुसरी उभी रेघ निवडायची: समोरच्या इमारतीची कड किंवा विजेचा खांब. दोन्ही एका ओळीत फ्रेमच्या उजव्या कडेला आणायच्या आणि कॅमेरा उजवीकडे फिरवत त्यांना डाव्या कडेपर्यंत न्यायचं. जवळची काठी लांबच्या रेघेच्या डावीकडे सरकली, तर प्यूपिल अक्षाच्या पुढे आहे, कॅमेरा मागे ओढा. उजवीकडे सरकली तर पुढे ढकला. स्क्रीनवर १० पट मोठं करून पाहिलं की शेवटचे एकदोन मिलिमीटरही पकडता येतात.

पिशवीत २४ आणि ५० मिलिमीटरच्या लेन्स, १५ मिलिमीटरची फिशआय, ट्रायपॉड, लेव्हलिंग बेस, पॅनो हेड, केबल रिलीज, माणसाच्या उंचीएवढा जाड दोरा आणि एक लोखंडी नट. कॅमेरा फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेलचा. पुढचे सगळे आकडे त्याचेच आहेत. लॅपटॉपवर हगिन आणि पीटीगुई, फ्रेम जोडणारी दोन सॉफ्टवेअर. हगिन फुकट आहे आणि त्यात सगळं करता येतं. पीटीगुईला पैसे पडतात, पण वेग आणि मास्किंगची (फ्रेममधला नको तो भाग झाकण्याची) सोय बघता ते वसूल होतात.

सहलीचा एकच नियम ठेवला होता: रोज रात्री कच्ची जोडणी. कॅमेऱ्यात रॉ फाइलबरोबर (सेन्सरची कच्ची नोंद) लहान जेपेगही साठवायचा, आणि झोपण्यापूर्वी त्या जेपेगांचा पॅनोरमा जोडून तीन गोष्टी पाहायच्या: मध्ये खिंड (न टिपलेली मोकळी जागा) राहिली का, जवळच्या वस्तू तुटल्या का, उजेडाच्या पायऱ्या पडल्या का. रंग, धार वगैरे नंतर. घरी गेल्यावर सापडलेली खिंड कुठलंच सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे भरून देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याच जागी परत उभं राहता येतं.

पहिला दिवस: कड्याचं टोक

सोपी जागा मुद्दाम पहिली. समोर दरी, पलीकडे डोंगररांगा, आणि सगळ्यात जवळची वस्तूसुद्धा अर्धा किलोमीटर लांब. इथे पॅनो हेड पिशवीतून काढलंच नाही, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर नेहमीसारखा लावला तर प्यूपिल अक्षाच्या सुमारे १० सेंटिमीटर पुढे असतं असं धरू. ५० मिलिमीटरची लेन्स १८ अंश फिरवली की ते साधारण ३.१ सेंटिमीटर सरकतं. २ मीटरवरची वस्तू त्यामुळे मागच्या दृश्याच्या तुलनेत सुमारे १३० पिक्सेल हलते. १०० मीटरवरची अडीच पिक्सेल. अर्ध्या किलोमीटरवर अर्धा पिक्सेल. म्हणजे दरीसाठी पॅनो हेड वाहून आणणं ही नुसती हमाली. अट एकच, फ्रेमच्या खालच्या कडेला पायाजवळचं गवत किंवा खडक येऊ द्यायचा नाही.

५० मिलिमीटरची लेन्स उभ्या कॅमेऱ्यात आडवे २७ अंश आणि उभे सुमारे ४० अंश पाहते. दर १८ अंशांना एक फ्रेम घेतली की एक तृतीयांश ओव्हरलॅप (शेजारच्या फ्रेमशी सामाईक भाग) मिळतो. १० फ्रेममध्ये १८९ अंश होतात, म्हणजे दोन्ही टोकांना थोडी कापायला जागा राहते. आडवा कॅमेरा धरला तर सातच फ्रेम लागल्या असत्या, पण उंची २७ अंशांवर आली असती, आणि जोडताना वरखाली कापलं जातं ते वेगळंच. उभ्या फ्रेमचा १८० अंशांचा पॅनोरमा जवळपास २६,००० पिक्सेल रुंद होतो; ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) छापला तर २.२ मीटर.

कड्यावर खरी मेहनत लेव्हलची. ओळंब्यात, सरळ उभा असायला हवा तो फिरण्याचा अक्ष; कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या बुडबुड्याने फसगत होते. साध्या बॉलहेडची फिरती तळी बॉलच्या खाली असते, त्यामुळे बॉल हलवून कॅमेरा सरळ दिसला तरी तो ट्रायपॉडच्या तिरक्या अक्षाभोवतीच फिरतो. पहिल्या फ्रेममध्ये क्षितिज मध्यावर, पाचव्यात वर, दहाव्यात भलतीकडे. अक्ष ३ अंश कलला असेल तर या लेन्सवर एका बाजूला सुमारे ४३५ पिक्सेल वर आणि दुसरीकडे तितकेच खाली. सॉफ्टवेअर क्षितिज सरळ करून देतं, पण ६,००० पिक्सेलच्या उंचीतून जवळजवळ ९०० कापून घेतं. लेव्हलिंग बेस यासाठीच असतो. तो नसेल तर ट्रायपॉडचे पाय खालीवर करत बसायचं. चांगला पर्याय म्हणजे बॉलच्या वर फिरणारी क्लॅम्प.

एक्स्पोजर मॅन्युअल. दृश्याच्या सगळ्यात उजळ भागावर, सूर्य सोडून, मोजायचं आणि हायलाइट्स जळणार नाहीत असं धरून तेच सगळ्या फ्रेमना. आयएसओ ऑटोवर राहिला तर मॅन्युअल मोडचा काही उपयोग नाही. हा कॅमेऱ्यातला सगळ्यात गुपचूप दगा देणारा खटका. फोकस एकदा लावून मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्स ठरावीक, अ‍ॅपर्चर एफ ८. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, कारण ते सेन्सर किंवा लेन्सचा घटक सरकवतं आणि प्रत्येक फ्रेमचा प्रकाशीय मध्य थोडा वेगळा होतो. पोलरायझर काढून ठेवायचा. आकाशातलं ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त असतं, त्यामुळे रुंद पॅनोरमात आकाशाच्या मधोमध गडद निळा डाग उठतो. तो नंतर काढता काढता नाकी नऊ येतात.

सूर्य डोंगराआड गेला की उजेड भराभर उतरतो, तेव्हा दहाही फ्रेम मिनिटभरात उरकायच्या. सुरुवात जिथे उजेड लवकर बदलतोय त्या टोकापासून. पहिल्या फ्रेमच्या आधी आणि शेवटच्या नंतर लेन्ससमोर बोट धरून एक फोटो काढला होता. शेकडो सारख्या दिसणाऱ्या फ्रेममधून एक मालिका कुठे सुरू होऊन कुठे संपली, हे ओळखायला याहून स्वस्त उपाय नाही.

१८७५ मध्ये चार्ल्स बेलिस याने सिडनीत होल्टरमनच्या घरावरच्या मनोऱ्यातून २३ भागांचा, सुमारे १० मीटर लांबीचा पॅनोरमा काढला, तो ओल्या काचांवर. तिथे ब्लेंडिंग (सांध्यापाशी चित्रं एकमेकांत मिसळणं) नव्हतं. कडेला कड जुळेल तेवढीच. आज आकाशातले सांधे सॉफ्टवेअर मिटवतं, म्हणून फ्रेमच्या कोपऱ्यांतल्या काळपटपणाकडे दुर्लक्ष होतं. रात्रीच्या कच्च्या जोडणीत निळ्या आकाशात पुसट उभे पट्टे दिसले, ते त्याचेच. उपाय रॉ कन्व्हर्टरमध्ये: लेन्स प्रोफाइलमधली व्हिग्नेटिंगची (त्या काळपटपणाची) दुरुस्ती चालू ठेवायची, डिस्टॉर्शनची (लेन्स सरळ रेषा वाकवते त्याची) बंद. डिस्टॉर्शन स्टिचर (जोडणारं सॉफ्टवेअर) स्वतः मोजतो. त्याला आधीच ताणलेलं चित्र दिलं की त्याचं गणित बिघडतं.

दुसरा दिवस: खांबांचं सभागृह

जुनं दगडी सभागृह, दोन्ही बाजूंना एकसारख्या खांबांच्या रांगा, एका अंगाने झरोक्यांतून ऊन. सगळ्यात जवळचा खांब दीड मीटरवर. काल जे माफ होतं ते आज एकही माफ नाही.

२४ मिलिमीटर, कॅमेरा उभा, पॅनो हेड, घरून आणलेला आकडा पट्टीवर लावलेला. दृष्टिक्षेत्र ५३ बाय ७४ अंश. दर ३६ अंशांना एक याप्रमाणे पाच उभ्या रांगा, प्रत्येकीत दोन फ्रेम: एक २५ अंश वर, एक २५ अंश खाली. मध्ये २४ अंशांचा ओव्हरलॅप उरतो. झरोके आणि कोपऱ्यांतला अंधार एका एक्स्पोजरमध्ये मावत नव्हता, म्हणून प्रत्येक जागी तीन फोटो, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), फक्त शटर बदलून. अ‍ॅपर्चर बदललं की फोकसची खोली आणि कोपऱ्यांचा काळपटपणा दोन्ही बदलतात. एकूण ३० फोटो. हेड फिरवल्यावर दोन सेकंद थांबून मगच रिलीज दाबायचा. दगडी फरशीवर ट्रायपॉडचं कंपन लगेच मरत नाही.

रात्रीची जोडणी इथे खरी रंगली. कंट्रोल पॉइंट (दोन फ्रेममध्ये दिसणारी एकच खूण) शोधणारे अल्गोरिदम (२००३ मध्ये ब्राउन आणि लो यांनी ओव्हरलॅप आपोआप ओळखणारी पद्धत मांडली, तेव्हापासून हाताने पॉइंट टाकण्याचं काम बरंचसं सुटलं) ठिपक्यांच्या खुणा जुळवतात. एकसारख्या खांबांपुढे त्यांची फसगत होते. तिसऱ्या खांबाचं नक्षीकाम चौथ्याशी जुळवून सॉफ्टवेअर खुशाल पुढे जातं, आणि अख्खी रांग वाकडी होते. उपाय असा: हेडवरचे अंश माहीत आहेतच, तेव्हा प्रत्येक फ्रेमचे यॉ (डावी-उजवीकडचा कोन) आणि पिच (वर-खालचा कोन) आकडे आधी हाताने भरायचे, आणि मग हगिनमध्ये प्रीअलाइन्ड पद्धतीचा शोध चालवायचा. तो फक्त खरोखर एकमेकांवर येणाऱ्या फ्रेममध्येच पॉइंट शोधतो. पीटीगुईमध्ये ग्रिडवर बसवण्याची सोय तेच करते. एका जागेची तिन्ही एक्स्पोजर एकत्र बांधून ठेवायची आणि पॉइंट मधल्यावरच घ्यायचे.

ऑप्टिमायझेशन टप्प्याटप्प्याने. आधी फक्त यॉ, पिच, रोल (कॅमेऱ्याचा तिरकेपणा). मग दृष्टिक्षेत्र आणि बॅरल डिस्टॉर्शनचा ‘बी’ गुणांक. शेवटी, पॉइंट फ्रेमभर नीट पसरलेले असतील तरच, ‘ए’ आणि ‘सी’. (हे गुणांक १९९८ सालच्या हेल्मुट डर्श यांच्या पॅनोरमा टूल्समधून आलेले, आजही बहुतेक स्टिचर त्याच भाषेत बोलतात.) ३६० अंशांचं वर्तुळ पूर्ण असेल तर दृष्टिक्षेत्र आपोआप नेमकं बसतं, कारण शेवटची फ्रेम पहिलीला भिडावीच लागते. अर्धवर्तुळात तो धाक नसतो. तिथे दृष्टिक्षेत्राचा आकडा भलतीकडे पळायला लागला, तर लेन्सच्या फोकल लेंथवरून येणारं मूल्य गोठवून टाकायचं.

आता सॉफ्टवेअर चुकीचा जो आकडा दाखवतं (पॉइंट किती पिक्सेलनी हुकले) त्याबद्दल, कारण याच ठिकाणी बहुतेक लोक स्वतःला फसवतात. ट्रायपॉड आणि पॅनो हेड असताना सरासरी चूक एक ते दोन पिक्सेलच्या आत यायला हवी. ती जास्त दिसली की मोठ्या चुकीचे पॉइंट निवडून पुसत सुटायचं, अशी सवय असते. आकडा सुंदर खाली येतो. फरशी मात्र तशीच तुटलेली राहते, कारण चूक दाखवणारे पॉइंट नेमके फरशीवर होते आणि तेच पुसले गेले. त्याऐवजी सगळ्यात वाईट दहा पॉइंट उघडून पाहायचे. माणसावर, सावलीवर, पडद्यावर असतील तर पुसा. जमिनीवर आणि जवळच्या खांबावर सगळे एकाच दिशेने चुकत असतील, तर पॉइंट निर्दोष आहेत, पट्टीवरचा आकडा बरोबर नाही.

सभागृहाच्या मध्यात एका फरशीचा सांधा तीन पिक्सेलने तुटला होता. ब्लेंडिंगने तो जात नाही. बर्ट आणि एडेलसन यांच्या १९८३ च्या पद्धतीवर चालणारे ब्लेंडर चित्राचे थर करतात: उजेडाचे मोठे, मऊ फरक रुंद पट्ट्यात मिसळतात आणि बारीक तपशील अरुंद पट्ट्यात. त्यामुळे रंगाची पायरी नाहीशी होते, तुटलेली रेघ तुटलेलीच राहते. उपाय मास्कचा. सांधा दोन्ही फ्रेममध्ये आहे. एकीतला तेवढा तुकडा वगळला की शिवण खांबाच्या कडेने, सावलीतून जाते. शिवण कुठून जावी हे आपण ठरवायचं, सॉफ्टवेअरला फक्त बजावायचं.

उभ्या रेषा सरळ व्हाव्यात म्हणून खांबांवर उभ्या रेषेचे कंट्रोल पॉइंट टाकले, एकमेकांपासून जवळजवळ ९० अंशांवरच्या दोन-तीन खांबांवर. एकाच दिशेच्या खांबांवर कितीही टाकले तरी दुसऱ्या दिशेचा कल सुटतो.

मग प्रोजेक्शन, म्हणजे गोलाकार दृश्य सपाट चित्रावर उलगडण्याची पद्धत. रेक्टिलिनियरमध्ये सगळ्या सरळ रेषा सरळ राहतात, पण कडा ताणल्या जातात: मध्यापासून ६० अंशांवर बाहेरच्या दिशेने ताण चौपट. १०० अंशांपर्यंत ते बरं दिसतं, पुढे कडेचे खांब लठ्ठ होतात. सिलिंड्रिकलमध्ये खांब सरळ, पण समोरून आडवी जाणारी तुळई धनुष्यासारखी वाकते. अशा लांबट सभागृहाला पानिनी प्रोजेक्शन शोभतं. अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराचं नाव त्याला दिलंय, कारण रुंद दालनं तो अशाच नजरेने रंगवत असे. उभ्या रेषा सरळ राहतात, आणि मधल्या लोपबिंदूकडे धावणाऱ्या रेषाही. मात्र कॅमेरा सभागृहाच्या मध्यरेषेवर असावा लागतो. अर्धा मीटर इकडेतिकडे झाला तरी एका बाजूची रांग जड दिसते.

तिसरा दिवस: रानातली वाट

चालण्याचा दिवस, ट्रायपॉड पाठीवर बांधलेला. इथे दोरा आणि नट कामाला येतात. दोऱ्याचं एक टोक लेन्सला, प्यूपिल जिथे आहे त्या जागी बांधायचं. दुसऱ्या टोकाला नट, जो जमिनीपासून बोटभर वर लोंबकळेल. खाली एक पांढरा खडा ठेवायचा. प्रत्येक फ्रेमच्या वेळी नट खड्याच्या बरोबर वर आहे ना हे पाहून बटण दाबायचं. माणसाने कॅमेऱ्याभोवती फिरायचं, कॅमेऱ्याने माणसाभोवती नाही. हात सावकाश फिरवला की दोन-तीन सेंटिमीटरच्या आत काम होतं, आणि पाचसहा मीटरवरची झाडं बिनबोभाट जुळतात. ओव्हरलॅप मात्र ४० ते ५० टक्के ठेवायचा.

पानं हलतात. त्यांच्यावरचे कंट्रोल पॉइंट म्हणजे वाऱ्यावरची वरात; खोडांवरचे आणि दगडांवरचे तेवढे ठेवायचे. फोनचा पॅनोरमा मोड अशा जागी फारसा कामाचा नाही: तो बारीक पट्ट्या जोडतो आणि हात फिरवण्याच्या कमानीमुळे जवळच्या फांद्यांचे तुकडे पडतात. दरीसाठी तोच फोन चालून जातो.

चौथा दिवस: किनारा

समुद्राची अडचण अशी, की पाण्यावर आणि कोऱ्या आकाशावर कंट्रोल पॉइंट टिकत नाहीत. लाट पुढच्या फ्रेमपर्यंत हललेली असते. म्हणून शक्य तिथे प्रत्येक फ्रेमच्या खालच्या भागात ओले खडक येतील असा कोन धरला. जिथे नुसतंच पाणी होतं, तिथे क्लिक-स्टॉपवर (हेडच्या ठरावीक अंशांच्या खाचांवर) भरवसा: ३० अंशांचे टप्पे असतील तर त्या फ्रेमचा यॉ आकडा हाताने भरायचा, पिच आणि रोल शेजारच्या खडकाळ फ्रेमसारखेच ठेवायचे.

वाळू लबाड. ट्रायपॉड ठेवताक्षणी स्थिर वाटतो आणि चौथ्या फ्रेमपर्यंत एक पाय बोटभर रुतलेला असतो. आधी तिन्ही पाय जोर देऊन आत दाबायचे किंवा खाली चपटे दगड ठेवायचे, मग लेव्हल.

लाटांसाठी दोन मार्ग आहेत, दोन्ही करून पाहण्यासारखे. एक म्हणजे प्रत्येक जागी तीन-चार फोटो घ्यायचे आणि जोडताना शेजारच्या फ्रेमशी फेसाची रेघ जमेल तो निवडायचा. शिवण दोन लाटांमधल्या गडद पाण्यातून न्यायची. दुसरा म्हणजे १० स्टॉपचा एनडी (उजेड अडवणारा गडद फिल्टर) लावून ३० सेकंदांचं एक्स्पोजर: पाणी धुक्यासारखं सपाट होतं आणि सांधे आपोआप मिटतात. पण दहा फ्रेमना पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात ढग सरकतात आणि आकाशात त्यांच्या दुहेरी कडा दिसतात. ढग वेगाने चाललेले असतील तर पहिलाच मार्ग बरा.

किनाऱ्यावर चालणारी माणसं कॅमेरा फिरतो त्याच दिशेने चालत असतील तर एकच माणूस तीन फ्रेममध्ये सापडतो. उलट दिशेने फिरवलं की तो फार तर एकदाच पुरा येतो. उरलेल्यांसाठी मास्क.

रात्री क्षितिजाने घोळ घातला. सरळ रेघेऐवजी प्रत्येक फ्रेमला एक अशा छोट्या छोट्या कमानी. कारण उघड होतं: सगळे कंट्रोल पॉइंट फ्रेमच्या खालच्या पट्टीत, खडकांवर. तेवढ्या पट्टीवरून लेन्सचं डिस्टॉर्शन मोजता येत नाही. अशा वेळी तीच लेन्स ज्या पॅनोरमात नीट मोजली गेली आहे, तिथून गुणांक आणायचे. सभागृहात २४ मिलिमीटरच होती आणि पॉइंट फ्रेमभर पसरलेले होते. तिथले ‘ए, बी, सी’ आणि दृष्टिक्षेत्र साठवून समुद्राच्या प्रोजेक्टमध्ये लादले, ऑप्टिमायझरला फक्त यॉ, पिच, रोल हलवू दिलं, आणि क्षितिजावर आडव्या रेषेचे चार-पाच पॉइंट टाकले. कमानी गेल्या. प्रत्येक लेन्सचा असा एक चांगला मोजलेला संच हाताशी असलाच पाहिजे. फोकसचं अंतर फार वेगळं असेल तर दृष्टिक्षेत्र तेवढं पुन्हा तपासायचं.

पाचवा दिवस, खरं तर रात्र: पठार

चंद्र नसलेली रात्र. आकाशगंगेची पूर्ण कमान २४ मिलिमीटरमध्ये, एफ २, आयएसओ ३२००, १५ सेकंद. ५०० भागिले फोकल लेंथ हा जुना नियम २० सेकंद देतो, पण आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद फिरतं. १५ सेकंदांतच खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा या सेन्सरवर चार पिक्सेलहून जास्त सरकतो. २० सेकंदांत सहाच्या जवळ. मोठ्या प्रिंटमध्ये ते दिसतं.

दर ३० अंशांना एक अशा सात उभ्या रांगा, प्रत्येकीत दोन फ्रेम: एक १० अंश वर, एक ५० अंश वर. ओव्हरलॅप भरपूर. क्रम इथे निर्णायक आहे. आडव्या ओळीने काढलं, म्हणजे आधी खालच्या सात आणि मग वरच्या सात, तर फ्रेममागे १८ सेकंद धरून खालच्या आणि तिच्याच वरच्या फ्रेममध्ये १२६ सेकंदांचं अंतर पडतं. तेवढ्यात आकाश अर्ध्या अंशाहून जास्त फिरतं, सुमारे ३५ पिक्सेल. उभ्या रांगेने काढलं, खालची-वरची, पुढची खालची-वरची, तर वरखालच्या शेजाऱ्यांत १८ आणि डाव्या-उजव्या शेजाऱ्यांत ३६ सेकंद: कुठेही दहा-अकरा पिक्सेलपेक्षा जास्त फरक नाही, आणि तो स्टिचर सहज जिरवतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फ्रेमला दुप्पट वेळ.

चौदा फ्रेमना चार मिनिटं लागतात, म्हणजे आकाश जमिनीच्या तुलनेत एक अंश सरकतं. जमीन आणि तारे दोन्ही एकाच जोडणीत बसणं शक्यच नाही. आकाशाचा पॅनोरमा फक्त ताऱ्यांवरच्या पॉइंटांनी जोडायचा. जमिनीच्या फ्रेम, ट्रायपॉड न हलवता, संधिप्रकाशातच काढून ठेवलेल्या असाव्यात, त्यांचा वेगळा पॅनोरमा करायचा आणि दोन्ही डोंगराच्या कडेने मास्क करून एकत्र आणायचे. कोरड्या वाटणाऱ्या रात्रीसुद्धा लेन्सवर दव धरतं, दर रांगेनंतर टॉर्चने काच बघायची. फोकस एका तेजस्वी ताऱ्यावर लावून रिंगला टेप.

शेवटचा दिवस: पूर्ण गोल

ढगाळ सकाळ, सपाट उजेड, सावल्या नाहीत: ३६० बाय १८० साठी (चहूबाजूंनी आणि माथ्यापासून पायापर्यंतचं दृश्य) याहून बरा उजेड नाही. सभागृहाबाहेरच्या अंगणात १५ मिलिमीटर फिशआयने दर ६० अंशांना एक अशा सहा, एक माथ्यावर, एक पायाखाली. पायाखालची फ्रेम हाताने: ट्रायपॉडच्या मध्याखाली खूण करायची, ट्रायपॉड उचलायचा, कॅमेरा शक्य तितका त्याच जागी धरून खाली रोखायचा. जागा थोडी चुकतेच. पीटीगुईमधलं व्ह्यूपॉइंट करेक्शन किंवा हगिनमधले ट्रान्स्लेशनचे आकडे ती चूक भरून काढतात, पण जमीन सपाट असेल तरच. पायऱ्यांवर किंवा उंच गवतात ते गणित चालत नाही. तिथे शेजारच्या फरशीचा तुकडा चिकटवणं बरं.

बाहेर येणारं चित्र इक्विरेक्टँग्युलर (पूर्ण गोल आयतात उलगडलेला), रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट. एक पिक्सेलही कापायचा नाही. प्रमाण बिघडलं की गोल दाखवणारे व्ह्यूअर माथ्यावर भोक पाडतात.

परतल्यावर

पक्क्या जोडणीसाठी एका फ्रेमवर रॉ सेटिंग ठरवून ती मालिकेतल्या सगळ्या फ्रेमना जशीच्या तशी. १६ बिट टिफ, कुठलीही फ्रेम न कापता, कारण कापली की प्रकाशीय मध्य हलतो. शार्पनिंग शून्य; ते छपाईचा आकार ठरल्यावर सगळ्यात शेवटी.

फाइलच्या मर्यादा आधी माहीत हव्यात. कड्याचा पॅनोरमा २६,००० बाय ५,५०० धरला तर १४३ मेगापिक्सेल, १६ बिटमध्ये सुमारे ८६० मेगाबाइट, तेही एका थराचे. फोटोशॉपची पीएसडी फाइल ३०,००० पिक्सेलला अडते, पुढे त्याचीच मोठी पीएसबी. टिफ ४ जीबीला. जेपेगची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलपलीकडे जात नाही. ५० मिलिमीटरचं पूर्ण वर्तुळ ५२,००० च्या आसपास मावतं, ८५ मिलिमीटरचं ८९,००० होतं आणि मावत नाही. प्रोजेक्ट फाइल टिफांबरोबर त्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि टिफांची नावं बदलायची नाहीत. प्रोजेक्टमध्ये चित्रं नसतात, फक्त नावं, कोन, पॉइंट आणि मास्क. नावं शाबूत असतील तर उद्या नव्या रॉ सेटिंगची टिफं त्याच नावांनी टाकून तोच पॅनोरमा, सगळ्या मास्कांसकट, पुन्हा काढता येतो.